सांगलीचा 'चंदू चॅम्पियन', साताऱ्यातली 'माऊ': पडद्यावर अपंग माणूस कसा दिसतो?

ऑगस्ट १९७२. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतलं हायडेलबर्ग शहर. ५० मीटर फ्रीस्टाइलची शर्यत ३७.३३ सेकंदांत संपवून एक भारतीय जलतरणपटू पहिला आला, तोही विश्वविक्रम करून. नाव मुरलीकांत पेटकर. गाव पेठ, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्णपदक. अभिनव बिंद्राने ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकायला तेव्हा आणखी ३६ वर्षं होती.

पेटकरांचं नाव घराघरांत पोचलं ते मात्र १४ जून २०२४ ला 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी सिनेमा आल्यावर. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तेव्हा ८ जुलैला सुप्रीम कोर्टाने एका वेगळ्याच सिनेमाच्या प्रकरणात निकाल दिला आणि पडद्यावर अपंग व्यक्ती कशा दाखवाव्यात, कशा दाखवू नयेत, याची चौकट आखून दिली.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण त्या शेजारी ठेवल्या की एक प्रश्न समोर येतो. कथेत अपंग माणूस नेमका कशासाठी येतो? रडवायला, हसवायला, घाबरवायला, की पदक जिंकून आपल्याला लाजवायला? आणि यातलं काहीच न करणारा, सकाळी डबा घेऊन कामावर जाणारा अपंग माणूस कुठे गेला?

प्रश्न फक्त करमणुकीचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यातल्या सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातल्या. ज्यांच्या घरात, वाड्यात, वर्गात अपंग व्यक्ती नाही, त्यांची ओळख सिनेमा-मालिकांतूनच होते. नोकरीची मुलाखत घेणारे, शाळेत प्रवेश द्यायचा की नाही ते ठरवणारे, लग्नासाठी स्थळ बघणारे, सगळे बऱ्याचदा तीच ओळख मनात घेऊन बसलेले असतात.

पदक दिसतं, पदकानंतरची वर्षं दिसत नाहीत

आधी पेटकरांची खरी गोष्ट. ते फौजेत ईएमई कोअरमध्ये होते आणि बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर हवाई हल्ल्यात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात अडकून राहिली आणि कमरेखालच्या शरीरातली ताकद गेली. मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. पोहणं सुरू झालं ते व्यायाम म्हणून. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले, चार वर्षांनी हायडेलबर्गला गेले. या प्रवासात क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत त्यांना मिळाली. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये.

एक छोटी गोष्ट इथेच सांगायला हवी. त्या वर्षीचं ऑलिम्पिक म्युनिकला होतं, मग पॅरालिम्पिक हायडेलबर्गला का? कारण म्युनिकमधलं क्रीडाग्राम ऑलिम्पिकनंतर लगेच खासगी घरांसाठी द्यायचं ठरलं होतं. अपंग खेळाडूंचे सामने म्हणून दुसऱ्या शहरात गेले आणि ऑलिम्पिकच्या आधीच उरकले गेले.

कबीर खान यांच्या सिनेमात कार्तिक आर्यनने पेटकरांची भूमिका केली आहे. पूर्वार्ध मुख्यतः कुस्ती, फौज, बॉक्सिंग आणि युद्धाचा. शर्यतीत पोहणारा मुरलीकांत भेटतो उत्तरार्धात. या सगळ्याला एक चौकट आहे: म्हातारे झालेले मुरलीकांत पोलिस ठाण्यात येतात आणि अर्जुन पुरस्कार मिळाला नाही म्हणून थेट माजी राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवायची म्हणतात. ठाण्यातल्या लोकांना आधी हसू येतं, मग हळूहळू ते ऐकायला लागतात.

माझ्या मते सिनेमातला सगळ्यात खरा भाग हाच आहे. कारण अपंग माणसाच्या आयुष्यातला मोठा वेळ शर्यतीत नाही, कागदांत जातो. अर्ज, दाखले, पुन्हा अर्ज, 'साहेब जेवायला गेलेत'. पण सिनेमात हा भाग गोष्ट सांगायला निमित्त म्हणून येतो. १९७२ ते २०१८ ही ४६ वर्षं फार पटकन सरतात. कमरेखाली ताकद नसलेला माणूस कारखान्यात नोकरी कशी करतो, जिना आला की काय करतो, बढतीच्या यादीत त्याचं नाव निघतं का, या प्रश्नांसाठी जवळजवळ अडीच तासांच्या सिनेमात जागा झालेली नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. हा सिनेमा आला नसता, तर सांगली-कोल्हापूरच्या बाहेर किती जणांना पेठ हे गाव माहीत झालं असतं? जानेवारी २०२५ मध्ये पेटकरांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार दिला गेला. तो सिनेमामुळेच मिळाला असं म्हणता येत नाही, पण सिनेमानंतर सात महिन्यांनी मिळाला, हे खरं.

'अपंगत्वावर मात' ही ओळ का खटकते?

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी कोणतंही मराठी वर्तमानपत्र उघडा. 'अपंगत्वावर मात करत मिळवले यश' ही ओळ सापडेलच. आमच्या व्यवसायाची ही लाडकी ओळ आहे. तिचा अर्थ नीट पाहिला तर मात केली म्हणजे अपंगत्व हरलं. पण निकालानंतरही त्या मुलीला दिसत नसतंच. तिने हरवलं ते ब्रेलमध्ये न मिळालेल्या पुस्तकांना आणि वेळेवर न आलेल्या लेखनिकाला. बातमीत त्यांचं नाव येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार आणि विनोदी कलाकार स्टेला यंग स्वतः व्हीलचेअर वापरत. त्यांनी २०१४ मध्ये एका भाषणात या प्रकारावर नेमकं बोट ठेवलं. त्यांचा मुद्दा असा होता: अपंग व्यक्तींनी अगदी रोजचं काम केलं तरी त्याला प्रेरणादायी म्हटलं जातं, कारण ते पाहून इतरांना 'माझं तरी बरं चाललंय' असं वाटतं. म्हणजे प्रेरणा हा अपंग माणसाचा गौरव नसतो, ती पाहणाऱ्याची सोय असते.

सांगलीतलंच ताजं उदाहरण घ्या. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ गटात १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक जिंकलं. लहानपणी झालेल्या अपघातात त्यांच्या हाताला कायमची इजा झाली. पण ते मेकॅनिकल इंजिनीअर आहेत आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवतातही. उद्या त्यांच्यावर सिनेमा निघाला, तर त्यात वर्गात शिकवणाऱ्या सचिन सरांना किती मिनिटं मिळतील? माझा अंदाज सांगायची गरज नाही.

मालिकेतली मुकी नायिका

सांगलीहून आता साताऱ्याला येऊ. २०२० मध्ये स्टार प्रवाहवर 'मुलगी झाली हो' ही मालिका सुरू झाली. तिचं चित्रीकरण वाई तालुक्यातल्या गुळुंबमध्ये होत असे. मूळ कथा तेलुगू 'मौनरागम' मालिकेची. वडिलांना नको असलेली मुलगी, माऊ, ही नायिका. तिला ऐकू येतं, बोलता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ही मालिका बातम्यांत आली ती अभिनेते किरण माने यांना मालिकेतून काढल्यावरून. मग राजकीय पोस्ट, निर्मात्यांचे खुलासे, गुळुंब ग्रामपंचायतीचं पत्र, यावर बरीच चर्चा झाली. माऊचं मुकेपण हा त्या चर्चेचा विषय नव्हता.

तो असायला हवा होता असं मला वाटतं. कारण 'ऐकू येतं पण बोलता येत नाही' हे प्रत्यक्षात त्यामानाने कमी आढळतं. न बोलणारी बहुतेक माणसं मुळात ऐकू न येणारी असतात. जन्मापासून आवाज कानावर पडलेला नसल्याने त्यांची बोली भाषा तयार होत नाही. गळा, जीभ ठणठणीत असते. मग टीव्हीवरच्या नायिकेला ऐकू का येतं? उत्तर लेखकाच्या सोयीत आहे. नायिका बहिरी असेल तर प्रत्येक पात्राला तिच्याशी खुणांच्या भाषेत बोलावं लागेल, पडद्यावर अक्षरं द्यावी लागतील, दाराआडून कट ऐकण्याचे प्रसंग जमणार नाहीत. आणि दाराआडून ऐकणं बंद झालं तर निम्म्या मराठी मालिका बंद पडतील! मुकी पण ऐकणारी नायिका म्हटली की सगळं जमतं. सगळे तिला बोल लावू शकतात, तिला ते कळतं, ती उलट बोलू शकत नाही, कॅमेरा तिच्या डोळ्यांवर जातो.

म्हणजे माऊचं मुकेपण हे मुलींच्या गप्प बसवलेपणाचं रूपक आहे. रूपक म्हणून ते पोचतं, हे मान्य. पण ज्यांना खरंच बोलता येत नाही, त्यांची भाषा त्यात हरवते. भारतीय सांकेतिक भाषा ही हातवाऱ्यांचा अंदाजपंचे खेळ नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र दिल्लीत सुरू केलं आणि २०२१ पर्यंत तिच्या शब्दकोशात १० हजार नोंदी झाल्या. पेटकर ज्या वर्षी हायडेलबर्गला पोहले, त्याच १९७२ मध्ये गुलजार यांचा 'कोशिश' आला होता. त्यातले नवरा-बायको दोघंही ऐकू-बोलू न शकणारे, आणि खुणांनी बोलणं हाच त्यांच्या संसाराचा पाया. पन्नास वर्षांपूर्वी जे जमलं, ते रोज रात्री चालणाऱ्या मालिकेत का जमू नये?

हे आलं कुठून?

रूपकाची ही सवय जुनी आहे. संत एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशी सोंगं आहेत. तिथे आंधळेपण म्हणजे अज्ञान, पांगळेपण म्हणजे संसारात अडकून पडणं. सांगायचं असतं अध्यात्म, शरीर फक्त उदाहरणाला. त्याहून आधी महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त हत्ती चाचपडणारे आंधळे आहेतच. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' किंवा 'वासरात लंगडी गाय शहाणी' या म्हणी आपण आजही सहज वापरतो.

दुसरी सवय जास्त त्रासदायक: वाकडं शरीर म्हणजे वाकडं मन. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत' मालिकेतला शकुनी लंगडतो. मूळ महाभारतात त्याच्या लंगडण्याचा उल्लेख नाही, पण मालिकेनंतर शकुनी म्हटलं की लंगडतच डोळ्यांसमोर येतो. रामानंद सागर यांच्या 'रामायणा'त मंथरा होत्या ललिता पवार. मूळच्या येवल्याच्या या अभिनेत्रीची गोष्ट तर चटका लावणारी आहे. १९४० च्या दशकात नायिका असताना चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका थांबल्या. त्यानंतर पडद्यावर त्या खाष्ट सासू झाल्या आणि तो बारीक झालेला डोळा कपटाची खूण ठरला. खऱ्या अपंगत्वाला खलनायकी चेहरा म्हणून वापरल्याचं याहून स्वच्छ उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर या अमेरिकन अभ्यासकांनी २००० मध्ये आलेल्या पुस्तकात या सगळ्याला एक नाव दिलं. मराठीत त्याला 'कथेची कुबडी' म्हणता येईल. कथा चालायला लागावी म्हणून तिला अपंग पात्राचा आधार लागतो. ती चालू लागली की कुबडी कोपऱ्यात ठेवून दिली जाते: पात्र बरं होतं, मरतं किंवा पदक जिंकतं.

मराठी सिनेमाने वेगळं काय केलं?

सगळंच निराशाजनक नाही. राजा परांजपे यांच्या 'जगाच्या पाठीवर' (१९६०) मधली सीमा देव यांची अंध मुलगी अजून दयेच्या चौकटीतच आहे. तो सिनेमा लिहिणारे गदिमा आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे, म्हणजे सांगलीचा धागा इथेही आहे. 'चौकट राजा' (१९९१) मधला दिलीप प्रभावळकरांचा नंदू आजही डोळ्यांत पाणी आणतो. पण मुलाचं पुढे काय होणार, या आईच्या चिंतेला त्या सिनेमात खरी जागा मिळाली. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात तर मतिमंद मुलाच्या आईबापांचा थकवा, चिडचिड, मनात येणारे नको ते विचार, सगळं उघड मांडलं गेलं. मायेची साखर त्यावर पेरलेली नाही.

मोठी झेप घेतली सई परांजपे यांनी, हिंदीत. 'स्पर्श' (१९८०) चा नायक अंध शाळेचा प्राचार्य आहे. हुशार, प्रेमात पडणारा, आणि हेकटसुद्धा. त्याला कुणाची कीव नको असते आणि या हट्टापायी तो जवळच्या माणसाला दुखावतो. अपंग पात्राला चुकायचा, वाईट वागायचा हक्क देणं ही मोठी गोष्ट होती. शिवाय सिनेमातली मुलं खऱ्या अंध शाळेतली होती.

संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ मध्ये भारतातर्फे ऑस्करला गेला. छोट्या परशाला डोळ्यांचा कॅन्सर आहे आणि शस्त्रक्रियेत दृष्टी जाणार आहे. सिनेमात चमत्कार होत नाही. ऐनवेळी नेत्रदाता सापडत नाही. परशा आंधळा होऊन गावी परततो आणि गोष्ट तिथे शोकात बुडत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई'त स्किझोफ्रेनिया आणि 'अस्तु'त स्मृतिभ्रंश हाताळला. 'देवराई'मागे उभे होते डॉ. जगन्नाथ वाणी, ज्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनियाबद्दल जागृती करणारी संस्था उभी केली. विषय माहीत असलेला माणूस आधीपासून सोबत असणं, हे त्या सिनेमात दिसतं.

आणि पुस्तकात स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली ती नसीमा हुरजूक यांनी. कोल्हापूरच्या नसीमादीदींचं कमरेखालचं शरीर ऐन किशोरवयात लुळं पडलं. पुढे त्यांनी केंद्र सरकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. त्यांच्या आत्मकथेचं नाव 'चाकाची खुर्ची'. दुःख, झुंज, आकाश, भरारी यातलं काहीही नाही, एका वस्तूचं नाव.

भूमिका कोणाला मिळते?

'यलो' (२०१४) मध्ये डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच्याच भूमिकेत होती. २०२५ च्या 'सितारे जमीन पर'मध्ये बौद्धिक अपंगत्व किंवा ऑटिझमसारख्या स्थितीसह जगणारे दहा कलाकार होते. पण हे अपवाद आहेत. नेहमीची पद्धत अशी की, धडधाकट नट वजन कमी करतो, कुबड्यांवर चालायचा सराव करतो आणि त्याचं कौतुक होतं. कार्तिक आर्यनला 'चंदू चॅम्पियन'साठी फिल्मफेअर मिळालं. पेटकरांच्या भूमिकेत बॉक्सिंगही आहे, त्यामुळे निवड समजण्यासारखी आहे. पण वकील, शेजारी, बँकेतला कारकून अशा छोट्या भूमिकांसाठी कुबड्या वापरणारा नट बोलवायला काय हरकत आहे? कथेत त्या कुबड्यांचा उल्लेखही नको.

सुप्रीम कोर्ट नेमकं काय म्हणालं?

प्रकरण होतं 'आँख मिचोली' या हिंदी विनोदी सिनेमाचं. त्यात विसरभोळे वडील, तोतरा भाऊ, रातांधळी नायिका अशी पात्रं आहेत. अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा कोर्टात गेले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जमशेद पारडीवाला यांच्या खंडपीठाने सिनेमात काटछाट करायला नकार दिला, पण पुढच्यांसाठी दिशा दिली.

कोर्टाने दोन प्रकारचे विनोद वेगळे केले. एक, अपंगत्व समजून घेऊन केलेला विनोद. दुसरा, अपंग व्यक्तीला कमी लेखणारा. हिणवणारे शब्द टाळा, 'ग्रस्त', 'पीडित' अशा छापाची भाषा टाळा, एखाद्या स्थितीबद्दल पात्र लिहिण्याआधी वैद्यकीय माहिती तपासा, अपंग व्यक्तींना लेखनात सहभागी करून घ्या आणि फक्त अडचणी न दाखवता त्यांचं काम, कौशल्य, समाजातला वाटाही दाखवा, असं निकालात म्हटलं आहे. जाहीरपणे अपमान करण्याच्या हेतूने अपंग व्यक्तीला हिणवणं हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार गुन्हा आहेच. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं.

शब्दांवरून आठवलं. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो सरकारी भाषेत रुजला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभागही झाला. अनेक कार्यकर्त्यांना हा शब्द पटत नाही. अवयवात दिव्य असं काही नाही, आम्हाला देवत्व नको, रॅम्प हवा, असा त्यांचा सूर असतो. या लेखात म्हणून साधा 'अपंग' शब्द वापरला आहे.

आणि अपंग प्रेक्षकांचं काय?

इथपर्यंत बोलणं झालं ते पडद्यावरच्या माणसांबद्दल. पडद्यासमोर बसणाऱ्यांसाठी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी संवादांबरोबर आवाजांचंही वर्णन करणारी अक्षरं आणि न दिसणाऱ्यांसाठी श्राव्य वर्णन, हा त्यांचा गाभा. श्राव्य वर्णन म्हणजे संवादांच्या मधल्या जागेत एक आवाज सांगतो, की आता कोण दारातून आत आलं, कोणाच्या हातात काय आहे. हा आवाज फक्त त्या प्रेक्षकाच्या हेडफोनमध्ये किंवा मोबाइल अ‍ॅपवर येतो, शेजारच्याला त्रास होत नाही. एकाहून जास्त भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या सिनेमांना सहा महिन्यांची आणि बाकी चित्रपटांना दोन वर्षांची मुदत दिली गेली.

हायडेलबर्गच्या शर्यतीचाच प्रसंग घ्या. पाणी उडतंय, संगीत चढत चाललंय, पात्रं फारसं बोलत नाहीत. न दिसणाऱ्या प्रेक्षकाला तेव्हा कोणीतरी सांगावं लागतं, की मुरलीकांत कितव्या लेनमध्ये आहे, त्याचे पाय हलत नाहीयेत, तो फक्त हातांवर पुढे चाललाय, आणि भिंतीला पहिला हात कोणाचा लागला.